लायलॅकची थंडी

भाग्यश्रीने बोट जिभेला लावलं. मीठ होतं. अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपाच्या बुडाला जी भोकं होती, त्यांतून खाली फरशीपर्यंत पांढरे ओघळ वाळून बसले होते. क्षिप्रा यायच्या आत मागचं अंगण झाडून घ्यावं म्हणून ती खराटा घेऊन वाकली, तेव्हा तिला तो चुना वाटला, मग भिंतीचा रंग वाटला, आणि मग सवयीने तिने बोट फिरवलं आणि चाटलं. मासळीवालीच्या पोरीची सवय. जगातली निम्मी अक्कल जिभेनेच येते असं तिची आई म्हणायची. साधं खडेमीठ, शेवटी जरासं कडवट होत जाणारं. भाग्यश्रीने मातीवरच्या गोणपाटाचा कोपरा उचलला, तर खालीही तीच पांढरी साय धरलेली. आणि त्या मातीत छातीएवढं उंच, पान नसलेलं, राखाडी काड्यांचं लायलॅकचं झुडूप उभं होतं, दर काडीच्या टोकाला दोन-दोन कळे जोडीने धरून. जानेवारीत हे कळे हिरवट आणि टपोरे होते. आता ते मिऱ्यांसारखे काळे पडून सुरकुतले होते, आणि ते झोपलेत असं ती महिनाभर घरात सगळ्यांना सांगत आली होती.

सगळ्यांना म्हणजे हितेशला. घरात दुसरं होतं कोण! नेरूळच्या या रो-हाउसमध्ये ती लग्न करून आली तेव्हा क्षिप्रा नुकतीच पुण्याला कॉलेजला निघाली होती, आणि क्षिप्राची आई रोशनी हॉलमधल्या फोटोत गेली होती. रोशनी हिमाचलची. हितेशच्याच ऑफिसात होती. एकदा माहेराहून येताना हे रोप ओल्या फडक्यात बांधून, रेल्वेत मांडीवर घेऊन आली म्हणे. तिकडे डोंगरात ते जांभळ्या घोसांनी भरून जातं; इथल्या घामट हवेत त्याला फूल काही कधी आलं नाही. पानं यायची, पिंपळासारखी पण शेंडी नसलेली, उन्हाळ्यात कोमेजायची, रोशनी पिंप ढकलत उत्तरेच्या सावलीत न्यायची, अंड्याची टरफलं कुटून घालायची, आणि वर्षाकाठी पुन्हा पानंच यायची. फूल येत नाही म्हणून तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, असं हितेश सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा आवाज असा काही मऊ व्हायचा की भाग्यश्री उठून गॅस बारीक करायला जायची, गॅसवर काही नसलं तरी.

"क्षिप्राचा मेसेज आला," हितेश दारातून म्हणाला. दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. "लोणावळा सोडलं. जेवायला इथेच. संध्याकाळी पनवेलहून गाडी आहे, टॅक्सी सांगून ठेवलीय मी. झाड कसं न्यायचं ते तिचं ती बघेल म्हणते." मग तो पिंपाकडे बघून थांबला. "अजून झोपलंय काय गं ते?"

"हो," भाग्यश्री म्हणाली. गोणपाटाचा कोपरा तिच्या हातातून आपसूक खाली पडला. "थंडीतलं झाड ना. उशिरा उठतं."

"आपल्यासारखं नाही," हितेश हसला आणि आत गेला. साधा माणूस. त्याला झोपलेलं आणि मेलेलं यातला फरक झाडात तरी कळत नव्हता, आणि त्याबद्दल भाग्यश्रीला या क्षणी त्याचा भयंकर राग आला. कुणीतरी तिला खोटं पाडायला हवं होतं. ती फरशीवरचे पांढरे ओघळ खराट्याने खरवडायला लागली. खरवडले की ते पसरत होते.

मीठ तिनेच घातलं होतं. यात कुणा दुसऱ्याचं बोट नव्हतं. दिवाळीत क्षिप्राने बापाला फोनवर सांगितलं होतं, की तिकडे सोलनच्या बाजूला बागायतीची नोकरी मिळाली आहे, नानीकडे राहीन, आणि जाताना मम्मीचं झाड घेऊन जाईन. त्या रात्री हितेश घोरायला लागल्यावर भाग्यश्री छताकडे बघत पडून राहिली. पोरगी जाणार याचं तिला इतकं नव्हतं, पोरी जातातच. पण झाड गेलं, की या घराकडे वळून बघायला पोरीला कारण काय? पुण्याहून फोन आला, हितेश आंघोळीला असला आणि भाग्यश्रीने उचलला, की क्षिप्रा विचारायची, "झाड कसं आहे?" तेवढंच. आई म्हणायची नाही, मावशी म्हणायची नाही, काकी तर नाहीच. भाग्यश्री सांगायची, पानं फुटलीत, खालून दोन नवीन फुटवे आलेत, पानांवर कोळी कीड पडली होती, साबणाचं पाणी मारलं. आणि पलीकडून "अच्छा" यायचं. कधी त्या "अच्छा"नंतर फोन लगेच ठेवला जायचा नाही. पुण्यात पाऊस आहे का, मेसचं जेवण कसं आहे, असं एखादं वाक्य त्या फटीतून सरकवता यायचं. दोघींत जे काही होतं ते या पिंपात होतं. पुण्याला जायच्या दिवशी बॅगा रिक्षात चढवून झाल्यावर ती पोरगी परत आत आली होती, मागच्या दारात उभी राहून, पायाने उंबरा घासत म्हणाली होती, "त्याला पाणी घालाल का?" भाग्यश्रीकडे त्या घरात कुणी मागितलेली ती पहिली गोष्ट.

मग तिने ठरवलं, की झाडाला फूल आणायचं. फुललेलं झाड कोण उपटून नेतं? रोशनीला जे जमलं नाही ते आपण करून दाखवू, असाही एक किडा त्यात होता; तो तिने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केला नव्हता, पण होता. मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, की लायलॅकला हिवाळा लागतो, मुळांना कडाक्याची थंडी बसली नाही तर कळे फुलत नाहीत, गरम गावात लोक मातीवर बर्फ घालून बघतात. बर्फ! भाग्यश्री एकटीच हसली होती. ज्या बाईची आई शिरवण्याच्या बाजारात मासळी विकते तिला बर्फाची काय वाण? सगळा डिसेंबर आणि अर्धा जानेवारी ती रोज संध्याकाळी आईच्या पाटीजवळ जायची आणि कारखान्याच्या लादीचा फोडलेला बर्फ बादलीभर आणायची, चांगला स्वच्छ, मासळीला न लागलेला. गोणपाटाला मात्र सुरमईचा वास होता, त्यामुळे सोसायटीतल्या मांजरांनी पिंपाभोवती अधिवेशन भरवलं, आणि शेजारच्या जोशीबाईंनी नाकाला पदर लावून, "काय हो, बागेत बोंबील लावलेत का?" असं विचारून घेतलं. भाग्यश्रीला त्याचं काही वाटलं नाही. बोटं बधिर होऊन दुखेपर्यंत ती बर्फ पसरायची, खोडाभोवती थापायची, आणि मग तिचा हात आपोआप बाजूच्या डब्यात जायचा, मूठभर खडेमीठ घ्यायचा आणि बर्फावर भुरभुरायचा. वर गोणपाट. मिठाने बर्फ चावरा होतो, जास्त गार पडतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. परकर घालायच्या वयापासून ती हेच बघत होती. बर्फ म्हटलं की मीठ, जसा चहा म्हटलं की साखर. हाताने केलं. डोकं तेव्हा फुलं बघत होतं.

आता डोकं जागेवर आलं होतं, आणि काही उपयोगाचं नव्हतं. तिने आईला फोन लावला. पलीकडे बाजाराचा कालवा.

"आये, मीठ झाडाला मारतं काय गं?"

"कनच्या झाडाला?" गंगू ओरडूनच बोलायची, फोनवर तिचा विश्वास नव्हता. "त्या लायलकला? तू मीठ घातलंस त्याला?"

"बर्फावर. बर्फ जास्त गार पडावा म्हणून."

पलीकडे क्षणभर नुसतं कुणाचं तरी पापलेटावरून चाललेलं भांडण ऐकू आलं. मग गंगू म्हणाली, आणि या वेळी ओरडली नाही, "अगो बाय, ती काय मासली हाय? मासली मेलेली असते."

भाग्यश्रीने नाक ओढलं.

"रडतंस काय? रडू नको. तुज्या बापसानं खाराचं शेत कसा धुवलेला, इसरलीस? गोडं पानी दे. भरपूर दे, खालून जाऊ दे, परत दे. आत्ताच्या आत्ता दे. ठेव फोन, गिऱ्हाईक हाय."

विसरली कशी असेल! उरणच्या बाजूला त्यांची खाडीलगत जमीन होती. आता तिथे कंटेनर एकावर एक रचलेत. ती लहान असताना एका उधाणाला बांध फुटला आणि रात्रीत शेतात खाडी आली. सकाळी पाणी उतरलं तेव्हा भात उभं होतं, हिरवंगार, काही झालंच नाही असं. तीच गोष्ट तिला सर्वांत भयानक वाटली होती. आई बांधावर बसून कपाळ बडवत होती आणि ती विचारत होती, आये, पण भात तर चांगलं आहे ना? आठवड्याभरात सगळं पिवळं, मग करडं. लोक म्हणाले, दोन-तीन वर्षं विसरा. बाबांनी बांध बांधून काढला, आणि पुढच्या पावसाळाभर एकच काम केलं. शेतात पावसाचं पाणी साठू द्यायचं, पायांनी चिखल ढवळायचा, ओहोटीला बांधातल्या दाराची, उघाडीची, फळी वर करून ते पाणी खाडीत सोडायचं, फळी पाडायची, पुन्हा साठवायचं. फळी वर करताना ते ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, चूळ भरल्यासारखं फिरवायचे आणि थुंकायचे. "अजून खार हाय," म्हणायचे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी राग नसायचा, दुःख नसायचं. एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बघावं तसं ते शेत चाखायचे. भाग्यश्रीला एक दिवस त्यांनी विचारलं होतं, तू बघ. तिने जीभ लावली आणि म्हणाली, गोडं आहे. त्यांनी पुन्हा चाखलं आणि म्हणाले, तुजी जीभ माज्यापेक्षा बरी हाय.

नळीचं टोक तिने हातात धरलं होतं. नळाची चावी दोन पावलांवर. फिरवली की झालं. पण फिरवता येईना. झोपलेल्या झाडाला कुणी बादल्यांनी पाणी घालत नाही. क्षिप्रा दारातून आत आली आणि पिंप ठिबकताना, अंगण ओलंचिंब दिसलं, की ती पहिलं विचारणार, हे काय? बागायती शिकलेली पोर. तिला काय हितेशसारखं हसून आत पाठवता येणार होतं? आणि न विचारता बघितलं, तर नुसत्या कोरड्या काड्या. हिवाळ्यात असंच असतं त्याचं, पानं गळतात, काड्या राहतात. मुळांची माती झटकायची, ओल्या गोणपाटात बांधायचं, गाडीत चढवायचं. डोंगरात पोचल्यावर महिन्याने कळेल कधीतरी, उठलं नाही म्हणून. प्रवास सोसला नाही, म्हणतील. कुणी म्हणणार नाही की सावत्र आईने मीठ घातलं. सावत्र आईने मीठ घातलं! हे वाक्य डोक्यात आल्यावर तिने नळी खाली टाकली. कसं ऐकू येतं ते! चार बायकांत नुसतं उच्चारलं तरी पुढची गोष्ट कुणी विचारणार नाही. चांगल्यासाठी घातलं, थंडीसाठी घातलं, मासळीवाल्यांच्यात असं करतात, हे सगळं सांगेपर्यंत ऐकायला थांबेल कोण? त्या पोरीचे डोळे? ते फोटोतल्या बाईचे डोळे होते, तपकिरी, न मिचकावणारे. आणि त्या डोळ्यांत बघून काही समजावायचं म्हटलं, की भाग्यश्रीचं मराठीसुद्धा अडखळायचं.

ती स्वयंपाकघरात गेली. पोरीला आवडतात म्हणून तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, आणल्या होत्या; त्या तिने धुतल्या, पुन्हा धुतल्या. मीठ घालायला डब्यात हात घातला आणि तो तिथेच राहिला. खिडकीतून पिंप दिसत होतं. प्रत्येक वाया जाणारा तास त्या मुळांना आत आत जाळतोय हे तिला कळत होतं, बाबांच्या पायांखालच्या चिखलाइतकं स्पष्ट कळत होतं, आणि ती कांदा चिरत होती. माणूस इतका हलका असतो का? झाड वाचवायचं की तोंड, एवढाच तर प्रश्न होता, आणि ती सकाळपासून तोंड वाचवत बसली होती. एकदा ती तडक उठून गेली, चावीला हात घातला, तेवढ्यात पुढल्या दाराची बेल वाजली. इस्त्रीवाला होता. पण त्या बेलने तिचा हात असा काही झटकन मागे आला की पुन्हा पुढे गेला नाही.

क्षिप्रा आली ती पाठीवर सॅक, केस घामाने चिकटलेले, बापाला एका हाताने मिठी मारून, भाग्यश्रीकडे बघून किंचित मान हलवून. "बसा, सरबत आणते," भाग्यश्री म्हणाली. पोरीला अहो-जाहो करायचं तिला कधी सुचलं नव्हतं, आज तोंडातून निघून गेलं. क्षिप्राने चमकून बघितलं. मग सॅक सोफ्यावर टाकून ती सरळ मागच्या दाराकडे गेली. भाग्यश्री मागोमाग गेली, हातात रिकामा पेला.

"झोपलंय," हितेश मागून कौतुकाने म्हणाला. "हिने बघ काय बडदास्त ठेवलीय. रोज बर्फ घालायची त्याला. तुझ्या हिमाचलातही मिळाला नसता."

"बर्फ?" क्षिप्रा म्हणाली. ती पिंपाजवळ उकिडवी बसली. एका काडीवर तिने अंगठ्याचं नख टेकवलं. ही खूण भाग्यश्रीला माहीत होती. साल खरवडायची; खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. तिने स्वतः हे महिनाभर केलं नव्हतं, कारण उत्तर हवं कुणाला होतं? नख सालीत शिरलं. बारीकसा कर्र आवाज झाला. खाली तपकिरी. क्षिप्राचं नख वीतभर खाली सरकलं. पुन्हा तपकिरी. तिसरी काडी. तिच्या मानेवरचं एक हाड भाग्यश्रीला दिसत होतं, मुलीचं, अगदी लहान मुलीचं हाड, आणि ती मान ताठ होत चालली होती.

"झोपलेलं असं नसतं," क्षिप्रा अगदी हळू म्हणाली. "मम्मी दाखवायची मला."

"मीठ," भाग्यश्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी बर्फावर मीठ टाकत होते. आमच्यात टाकतात, गार राहावं म्हणून. फूल यावं म्हणून केलं. सकाळी कळलं मला, आणि सकाळपासून पाणी घातलं नाही, तुला दिसेल म्हणून." शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. तेच सर्वांत वाईट होतं.

हितेश म्हणाला, "अरे, मुद्दाम थोडंच—"

"पप्पा, तुम्ही आत जा," क्षिप्रा म्हणाली.

तो गेला. क्षिप्राचे ओठ घट्ट मिटले होते, नाक लाल झालं होतं. तिने मातीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि इतक्या जोरात भिंतीवर भिरकावलं की एक मांजर उडी मारून पळालं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं फूल आणायला?" ती ओरडली. "मम्मीने कधी आणलं? नाही यायचं फूल इथे. आम्हाला नकोच होतं फूल!" आणि मग रडली, तोंड न झाकता, पिंपाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून. भाग्यश्रीला वाटलं, जवळ जावं. ती नळाकडे गेली. चावी फिरवली. नळीने एक आचका दिला आणि पाणी मातीवर पडायला लागलं.

माती आधी फसफसली, मग पिऊन टाकत राहिली, मग पाणी वर चढलं. भाग्यश्रीने फावड्याच्या दांड्याने पिंपाची एक बाजू उचलून खाली वीट सरकवली, म्हणजे भोकांतून नीट जाईल. गढूळ, चहासारखं पाणी फरशीवर वाहायला लागलं. ती खाली बसली, ओघळाखाली बोटं धरली आणि चाखलं. कडू खारट. ती थुंकली. क्षिप्रा रडायची थांबून तिच्याकडे बघत होती.

"हे काय करताय?"

"माझ्या वडिलांच्या शेतात खाडी आली होती," भाग्यश्री म्हणाली. "ते असंच धुवायचे. गोडं लागेपर्यंत."

"मग वाचलं शेत?"

"त्या वर्षी नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुढच्या वर्षी थोडं."

क्षिप्रा सरकत आली. खोडाच्या अगदी तळाशी, माती धुपून जिथे उघडी पडली होती, तिथे तिने नख लावलं. दोघी वाकल्या. हिरवं म्हणावं तर हिरवं, पिवळं म्हणावं तर पिवळं. गॅसवर तिसऱ्यांचं पातेलं तसंच राहिलं. हितेश एकदा येऊन जेवायचं काय म्हणून विचारून गेला. दुसऱ्या खेपेला तो दोन ताटं आणून उंबऱ्यावर ठेवून गेला, आणि ती तिथेच निवली. पिंप भरत होतं, रिकामं होत होतं. भाग्यश्री चाखून थुंकायची, क्षिप्रा चाखून थुंकायची, सुरुवातीला तोंड वेडंवाकडं करून, मग नुसतंच. आता हे उपटलं तर गेलंच, हे क्षिप्राने सांगितलं नाही आणि भाग्यश्रीने विचारलं नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलं. क्षिप्राची जीन्स मांडीपर्यंत चिखलाने भरली होती.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. "क्षिप्रा, आला बरं का तो!" हितेशने आतून हाक मारली. "गाडी चुकेल!"

भाग्यश्रीने मघाशी ओघळ जिभेवर घेतला होता, आणि तो गोडा होता. स्वच्छ, नळाचं पाणी असतं तसा. तिची जीभ बापाने पारखलेली. ती कधी चुकली नव्हती. तिने ते अजून सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, पोरीची गाडी होती, नोकरी होती, तिकडे नानी वाट बघत होती. तिने तोंड उघडलं.

क्षिप्राने ओंजळ पुढे केली. पाणी तोंडात घेतलं, फिरवलं, आणि दाराकडे पाठ ठेवून गिळून टाकलं.

"अजून खारट आहे," ती म्हणाली.

भाग्यश्रीने तिच्याकडे बघितलं. पोरगी मातीकडे बघत होती. भाग्यश्रीने हात लांबवून नळ पुन्हा सोडला.